पुन्हा पुन्हा येणारी पापणीची गाठ: तेलग्रंथीचा कर्करोग आणि त्याचं निदान

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान लिहायचं, हे माझं रोजचं काम. हा धागा एका ठरावीक प्रकारच्या रिपोर्टमुळे काढते आहे. पापणीच्या गाठीचा तुकडा येतो, सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं 'चॅलॅझियन (तेल अडकून झालेली साधी गाठ), तिसऱ्यांदा', रुग्णाचं वय साठीच्या आसपास, आणि काचेखाली दिसतो सिबेशियस, म्हणजे तेलाच्या, ग्रंथीचा कर्करोग. आधीच्या दोन वेळी खरवडून काढलेला ऐवज कुठे तपासला असं विचारलं, तर तो तपासलेलाच नसतो. बोळ्यावर पुसला जातो आणि बोळ्यासकट कचऱ्यात जातो.

म्हणून मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या पापणीची गाठ त्याच जागी परत आली, तर तिचा तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे. डॉक्टर स्वतःहून म्हणाले नाहीत तर आपण म्हणावं.

आता सविस्तर. पापणीच्या आत टार्सल प्लेट नावाची टणक पट्टी असते. तिच्यात मायबोमियन ग्रंथी उभ्या ओळीने बसलेल्या असतात, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. त्यांचा तेलकट स्राव अश्रूंच्या थरावर पसरतो आणि डोळा लवकर सुकू देत नाही. पापणीच्या केसांच्या मुळाशी झाइसच्या ग्रंथी असतात, त्याही तेलाच्याच. शेजारी मोलच्या ग्रंथी, त्या घामाच्या. नाकाकडच्या कोपऱ्यातल्या लालसर मांसल उंचवट्यात आणि भुवईच्या कातडीतही तेलग्रंथी आहेत. यांतल्या कुठल्याही तेलग्रंथीतून सिबेशियस कर्करोग सुरू होऊ शकतो. वरच्या पापणीत ग्रंथी जास्त, म्हणून तिथे त्याचं प्रमाणही जास्त.

एकूण कर्करोगांत हा दुर्मीळच. पण 'दुर्मीळ आहे' एवढं लक्षात ठेवून आपले डॉक्टर पुढे जातात, तिथे घोटाळा होतो. पाश्चात्त्य पुस्तकांत पापणीच्या दहा कर्करोगांपैकी आठ-नऊ बेसल सेल या कातडीच्या कर्करोगाचे असतात आणि सिबेशियसला एखाद-दोन ओळी मिळतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २०१९ मध्ये पापणीच्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात सिबेशियस ५३ टक्के होते आणि बेसल सेल २४ टक्के. मोठ्या केंद्राकडे अवघड रुग्ण जास्त जातात हे धरलं तरी आपल्याकडचा क्रम वेगळा आहे, हे नक्की. गोऱ्या कातडीवर उन्हाने होणारा बेसल सेल आपल्याकडे कमी, त्यामुळे तेलग्रंथीच्या कर्करोगाचा वाटा मोठा दिसतो. चीन, जपानमध्येही असंच काहीसं आहे. इथे शिकणाऱ्या मुलांनी तरी परदेशी पुस्तकातला क्रम डोक्यात ठेवून पापणी तपासू नये.

हा रोग दोन सोंगं घेतो. पहिलं सोंग गाठीचं. न दुखणारी, टणक, आत थोडी पिवळसर झाक असलेली गाठ. दुखरी, लाल, दोन-चार दिवसांत पू धरणारी ती रांजणवाडी. न दुखणारी, तेल अडकून झालेली गाठ ती चॅलॅझियन. बोलताना आपण दोन्हींना रांजणवाडीच म्हणतो, पण संशय घ्यायचा तो न दुखणारीचा. दुसरं सोंग जास्त फसवं, कारण त्यात गाठच नसते. एकाच डोळ्याची पापणी जाड होते, कडा लाल राहते, डोळे आल्यासारखा तोच एक डोळा महिनोन् महिने लाल. थेंब बदलून बदलून घातले जातात. ॲलर्जी असो, कोंड्याने होणारी पापणीची सूज असो, बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना होते. एकच डोळा, आणि औषधाला दाद नाही, म्हटल्यावर थांबून विचार करायला हवा.

आणि एक खूण कुणालाही आरशात दिसण्यासारखी आहे: गाठीवरचे किंवा सुजलेल्या भागातले पापणीचे केस गळून गेलेले असणं. साध्या चॅलॅझियनमध्ये केस सहसा शाबूत राहतात.

निदानाला उशीर किती होतो? पहिल्या लक्षणापासून खरं नाव कळेपर्यंत एक ते तीन वर्षं गेल्याचं वैद्यकीय लिखाणात वारंवार येतं. एवढ्या वेळात गाठ डोळ्याच्या खोबणीत किंवा कानापुढच्या लसिकाग्रंथीत पोचू शकते. सुरुवातीला सापडली तर बहुतेकांचा डोळाही वाचतो आणि जीवही.

प्रश्न विचारा. ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनी लिहिलं तर इतरांना उपयोग होईल. गावाची, डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं मात्र नकोत.

निशिगंध

काचपट्टी, हा धागा काढलात म्हणून आभार. माझ्या आईचं अगदी असंच झालं. डाव्या डोळ्याची वरची पापणी, मधोमध गाठ. पहिल्यांदा शेकायला सांगितलं, मग खरवडून काढली, काही महिन्यांनी परत आली. दुसऱ्या ठिकाणी गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्याने थोडी बसल्यासारखी वाटली आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढे तिथले केस गेले. आई म्हणायची, वय झालं की केस जायचेच. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटी करून बघितली आणि त्याच दिवशी म्हणाल्या, आधी तुकडा, मग बाकी सगळं. रिपोर्टमध्ये 'सिबेशियस कार्सिनोमा विथ पॅजेटॉइड स्प्रेड' आलं.

हा पॅजेटॉइड स्प्रेड म्हणजे काय, ते आम्हाला तेव्हा कुणी नीट समजावलं नाही. इथे सांगाल का?

सह्याद्रीवारा

माहिती उत्तम. पण एक शंका. चॅलॅझियन ही इतकी सर्रास होणारी गोष्ट आहे. माझ्या मुलाला कॉलेजात असताना चार वेळा झाली. प्रत्येकाची बायोप्सी करायची म्हटली तर खर्च आणि भीती, दोन्ही वाढतील. लोक आधीच नेटवर वाचून घाबरतात.

काचपट्टी

@सह्याद्रीवारा, प्रत्येकाची करा असं मी म्हणत नाही. विशी-पंचविशीतल्या मुलाला कधी या डोळ्याला, कधी त्या डोळ्याला, वेगवेगळ्या जागी गाठी येत असतील, तर त्या जवळजवळ नेहमीच साध्या असतात. कोमट पाण्याच्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं शेकायचं, हलका मसाज करायचा, पापणीची कडा स्वच्छ ठेवायची. बहुतेक गाठी काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत जिरतात. मी बोलते आहे ते वयाने मोठ्या माणसाबद्दल, आणि त्याच जागी परत येणाऱ्या गाठीबद्दल. लहान वयात एक अपवाद लक्षात ठेवावा: बाळपणी रेटिनोब्लास्टोमासाठी, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगासाठी, डोळ्याच्या भागाला रेडिएशन मिळालेलं असेल तर हा कर्करोग कमी वयातही होतो. किडनी वगैरेच्या प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांनीही सावध राहावं.

खर्चाचं म्हणाल तर खरवडलेला ऐवज फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून पाठवणं हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत स्वस्त टप्पा आहे. उशिरा सापडलेल्या रोगाची शस्त्रक्रिया त्याच्या किती पट महाग पडते, ते निशिगंध सांगू शकतील.

@निशिगंध, आईंच्या गाठीत स्टेरॉइड दिलं गेलं, यात आश्चर्य नाही. साध्या चॅलॅझियनला ते चालतं आणि दिलंही जातं. पण परत आलेल्या गाठीत, वयस्क माणसाला, तुकडा न घेता ते देऊ नये असं माझं ठाम मत आहे. आजूबाजूची सूज कमी होते, सगळ्यांना बरं वाटतं आणि महिने निघून जातात.

पॅजेटॉइड स्प्रेडबद्दल. या कर्करोगाच्या पेशी मूळ गाठ सोडून पापणीच्या कातडीत आणि आतल्या नाजूक आवरणात, म्हणजे कंजंक्टायव्हात, एकेकट्या किंवा लहान घोळक्यांनी शिरतात. मधला काही भाग निरोगी ठेवून पुढे पुन्हा उगवतात. हरळी जशी जमिनीखालून सरकून भलत्याच जागी डोकं वर काढते, तसं. वरून बघताना तिथे फक्त लाली दिसते किंवा तीही दिसत नाही. म्हणूनच गाठीभोवतीचा भाग नुसत्या नजरेने 'स्वच्छ' ठरवता येत नाही. अशा वेळी सर्जन मॅप बायोप्सी करतात: दोन्ही पापण्यांच्या आतल्या बाजूने आणि बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावरून ठरलेल्या जागांचे छोटे छोटे तुकडे घ्यायचे, प्रत्येक वेगळ्या बाटलीत, प्रत्येकावर जागा लिहून. मग आम्ही सांगतो कुठे पेशी आहेत आणि कुठे नाहीत. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या तर सगळा नकाशाच चुकतो, त्यामुळे ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरचं काम इथे सर्जनच्या कामाइतकंच मोलाचं असतं.

नेत्रमित्र

मी तालुक्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञ आहे. काचपट्टी यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्या बाजूची अडचणही मांडतो. चॅलॅझियन खरवडताना पापणीला क्लॅम्प लावून आतून छेद घेतो, क्युरेटने, म्हणजे छोट्या चमच्यासारख्या हत्याराने, खरवडतो. जेलीसारखा ऐवज बाहेर येतो. अनुभवी माणसाच्या हाताला फरक कळतो. साधी गाठ पटकन रिकामी होते. कर्करोगाची गाठ भरीव लागते, खरवडताना चुरा निघतो, रक्त जास्त येतं. असं वाटलं की मी तिथेच थांबतो आणि पापणीच्या जाडीतून नीट तुकडा घेतो. जवळ हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे तुकडे तपासायची सोय, नाही, सॅम्पल जिल्ह्याला पाठवावं लागतं, रिपोर्टला आठवडा-दीड आठवडा लागतो. पण जातं. जात नाही असं नाही.

एक गोष्ट आम्हा डोळेवाल्यांनीच जास्त करायला हवी: पापणी उलटी करून बघणं. घाईच्या ओपीडीत वरून बोट लावून 'चॅलॅझियन' लिहिलं जातं. उलटी केली की पिवळट, ओबडधोबड भाग दिसतो, कडेवरची ग्रंथींची तोंडं पुसली गेलेली दिसतात. आणि बोटांनी कानापुढे व जबड्याखाली चाचपणं. वरची पापणी आणि बाहेरचा कोपरा कानापुढच्या ग्रंथींकडे निचरतो, खालच्या पापणीचा नाकाकडचा भाग जबड्याखालच्या ग्रंथींकडे. दोन्ही मिळून मिनिटभराचं काम.

प्रश्न असा की आम्ही पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट 'क्रॉनिक इन्फ्लमेशन', म्हणजे जुनी सूज, असा येतो आणि संशय मात्र जात नाही. तेव्हा काय करावं?

काचपट्टी

@नेत्रमित्र, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'सूज आहे' एवढंच म्हणणारा रिपोर्ट कर्करोग नाकारत नाही. तुकडा वरवरचा असेल तर टार्सल प्लेटच्या आत बसलेला रोग त्यात येतच नाही. शिवाय कर्करोगाभोवती खरीखुरी सूज असते, कधी खरंखुरं चॅलॅझियनही असतं, कारण ट्यूमरने शेजारच्या ग्रंथीची वाट अडवलेली असते. संशय कायम असेल तर पुन्हा तुकडा घ्या, या वेळी पापणीच्या पूर्ण जाडीचा. आणि फॉर्मवर चार ओळी लिहा. 'आय लिड स्वेलिंग' एवढाच फॉर्म आला तर पॅथॉलॉजिस्टलाही दिशा मिळत नाही. वय, कोणती पापणी, कितव्यांदा, केस गेलेत का, आधी काय उपचार झाले आणि 'सिबेशियस कार्सिनोमा आहे का' हा थेट प्रश्न. एवढं असेल तर आम्ही तो ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, खोलवर कापून जास्त काचा बघतो.

चॅलॅझियनमध्ये मला काय दिसतं? तेलाचे रिकामे गोल थेंब, त्यांच्याभोवती जमलेल्या बचाव करणाऱ्या पेशी, काही राक्षसी आकाराच्या. आणि सिबेशियस कर्करोगात? मोठ्या, अनियमित केंद्रकांच्या पेशींचे पुंजके, त्यांतल्या काहींचं अंग फेसाळ, बुडबुड्यांनी भरलेलं. ते बुडबुडे म्हणजे तेल. अनेकदा पुंजक्याच्या मधोमध मेलेल्या पेशींचा चुरा. चांगल्या तुकड्यात हे ओळखायला अडचण नाही. अडचण येते ती फेस कमी आणि पेशी फार बिघडलेल्या असतात तेव्हा. मग बेसल सेल किंवा स्क्वेमस सेल (कातडीचाच दुसरा कर्करोग) असं चुकीचं नाव पडू शकतं, आणि पॅजेटॉइड पसराव्याला कंजंक्टायव्हाच्या वरच्या थरातला स्क्वेमस रोग समजलं जातं. नाव चुकलं की शस्त्रक्रियेचा आवाकाच चुकतो.

पूर्वी तेल पकडायला ऑइल रेड ओ हा रंग वापरत. पण नेहमीच्या पद्धतीत तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, मेणात बसतो, आणि त्यात सगळं तेल विरघळून जातं. म्हणून हा रंग गोठवून कापलेल्या तुकड्यावरच चालतो, आणि त्यासाठी सर्जनने आधी कळवलेलं असावं लागतं. मेणात गेल्यावर फोन करून उपयोग नसतो. आता ॲडिपोफिलिन नावाचं इम्युनो-रंजन, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारा रंग, आहे. तेलाच्या थेंबाभोवती असणारं प्रथिन ते दाखवतं, आणि ते मेणाच्या ब्लॉकवरही होतं. त्याच्या जोडीला अँड्रोजन रिसेप्टर, ईएमए आणि बीईआर-ईपी४ असे मार्कर, म्हणजे अशीच इतर रंजनं, लावतो. बीईआर-ईपी४ बेसल सेलमध्ये ठळक उमटतं, सिबेशियसमध्ये बहुतेक वेळा नाही. एका मार्करवर विसंबून कुणीही निदान देऊ नये. आकृती, मार्कर आणि डॉक्टरांनी डोळ्याने पाहिलेलं, तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

अंगणवेल

आमच्याकडे रांजणवाडीला लवंग उगाळून लावतात. माझ्या सासूबाई अजून लावतात. तळहातावर बोट घासून ऊन बोट टेकवायचीही पद्धत आहे. यात काही धोका आहे का?

नेत्रमित्र

@अंगणवेल, ऊन बोटाने शेक मिळतो, तेवढा फायदा खरा. हात धुतलेले असावेत. लवंग मात्र डोळ्याजवळ नको. तिच्या तेलाने कातडी पोळते आणि डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होऊ शकते. सासूबाईंची गाठ कितव्यांदा आली आहे आणि त्याच जागी आहे का, ते जरूर बघा. तसं असेल तर थांबू नका.

पिंपळपान

माझ्या काकांना मागच्या वर्षी पापणीच्या तेलग्रंथीचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, आता ठीक आहेत. पण आजोबा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने पन्नाशीच्या आत गेले होते आणि एका आत्याला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला होता. हे सगळं एकमेकांशी जोडलेलं असू शकतं का? आम्ही डॉक्टरांना घरातला हा इतिहास सांगितलाच नव्हता, कारण डोळ्याशी त्याचा काय संबंध, असं वाटलं.

काचपट्टी

@पिंपळपान, संबंध असू शकतो. लगेच सांगा त्यांना.

म्यूर-टोरे सिंड्रोम असं त्याचं नाव. १९६७ मध्ये म्यूर यांनी आणि १९६८ मध्ये टोरे यांनी असे रुग्ण स्वतंत्रपणे नोंदवले: कातडीवर तेलग्रंथींच्या गाठी आणि पोटातले कर्करोग एकाच माणसात. पुढे कळलं की हे लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाचंच एक रूप आहे. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, त्यातल्या चुका दुरुस्त करणारी काही जनुकं असतात: एमएसएच२, एमएलएच१, एमएसएच६, पीएमएस२. यांतलं एखादं जन्मतः बिघडलेलं असलं की मोठं आतडं, गर्भाशयाचं अस्तर, मूत्रमार्ग अशा ठिकाणी कर्करोगाची शक्यता वाढते. म्यूर-टोरेमध्ये एमएसएच२चा बिघाड सर्वांत जास्त सापडतो. आईवडिलांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक मुलामुलीत तो येण्याची शक्यता निम्मी.

घाबरून जाऊ नका. पापणीच्या सिबेशियस कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत हा आनुवंशिक दोष नसतो. अंगावर इतरत्र, पापण्या सोडून, तेलग्रंथीच्या गाठी असतील तर त्याची शक्यता जास्त. पण तुमच्या घरात आतडं आणि गर्भाशय असे दोन कर्करोग आहेत, त्यातला एक कमी वयात. काकांच्या जुन्या ब्लॉकवर या चार प्रथिनांचं रंजन करून घेता येतं. एखादं प्रथिन गायब असेल तर जनुकसल्लागाराकडे जाऊन रक्ताची तपासणी. दोष निघालाच, तर घरातल्या इतरांनी कोलोनोस्कोपी कधीपासून आणि किती वर्षांनी करायची ते ठरवता येतं, आणि आतड्यातला मोड कर्करोग होण्याआधीच काढता येतो. काकांच्या पापणीमुळे तुमच्या पिढीतल्या कुणाचं आतडं वाचू शकतं.

दूरदेशी

टोरांटोहून लिहितेय. माझ्या मावशीच्या, वय ७१, खालच्या पापणीवर निळसर, पाण्याच्या फोडासारखी गाठ होती. सगळे सिस्ट म्हणत होते. काढल्यावर रिपोर्टमध्ये 'एंडोक्राइन म्यूसिन-प्रोड्यूसिंग स्वेट ग्लँड कार्सिनोमा' आलं, आणि त्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह लिहिलंय. कुणीतरी सांगितलं की म्हणजे हा स्तनाचा कर्करोग पापणीत आला. मावशीने तेव्हापासून जेवण सोडलंय.

काचपट्टी

@दूरदेशी, मावशीला आधी हे वाचून दाखवा.

पापणीच्या घामग्रंथींचाही कर्करोग असतो, सिबेशियसहून कितीतरी विरळ. त्यातला हा प्रकार १९९७ मध्ये पहिल्यांदा वर्णन झाला. वय झालेल्या बायका, खालची पापणी, सिस्टसारखी गाठ: तुम्ही सांगितलेलं चित्र तंतोतंत तेच आहे. याची चाल मंद असते. काही रुग्णांत तो म्यूसिनस (चिकट स्राव तयार करणाऱ्या) कार्सिनोमा या पुढच्या रूपात जातो, म्हणून कडा स्वच्छ राहतील अशी पूर्ण काढून टाकणं हा उपचार.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकांचे रिसेप्टर या गाठीत उमटतातच. घामग्रंथी आणि स्तनग्रंथी जातीने जवळच्या, त्यामुळे रंजनात सारख्या दिसतात. रिसेप्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे स्तनातून आला, असं होत नाही. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम१ या मार्करांपैकी काही पॉझिटिव्ह आहे का ते रिपोर्टमध्ये बघा. गाठीच्या कडेला पी६३ हा मार्कर दाखवणारा पेशींचा थर सापडला, तर ती गाठ पापणीतच जन्मली याचा तो भक्कम पुरावा. तरीही स्तनाची तपासणी आणि मॅमोग्राफी एकदा करून घेतात, कारण स्तनातल्या म्यूसिनस कर्करोगाचा पापणीत आलेला तुकडा काचेखाली हुबेहूब असाच दिसू शकतो. ती तपासणी खात्रीसाठी आहे, संशय पक्का झाला म्हणून नाही. मावशीला हा फरक नीट समजावा.

विषय निघालाच आहे तर आणखी एक नाव: मर्केल सेल कार्सिनोमा. तो ग्रंथीचा नाही, पण वरच्या पापणीवर न दुखणारी, जांभळट-लाल, आठवड्यांत वाढणारी गाठ दिसली आणि कुणी चॅलॅझियन म्हटलं, तर महिनाभरही थांबू नये. त्याची धाव सिबेशियसपेक्षा जास्त.

निशिगंध

आता शस्त्रक्रियेबद्दल लिहिते, कारण मला तेव्हा हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आईची गाठ काढताना फ्रोझन केलं. म्हणजे कडा कापून लगेच तपासायला, आई टेबलावरच. दोन कडा स्वच्छ आल्या, एका बाजूला पेशी निघाल्या, म्हणून आणखी कापलं. वरच्या पापणीचा मोठा भाग गेला. मग खालच्या पापणीतून कातडी आणि आतलं आवरण वर ओढून शिवलं. त्या काळात तो डोळा पूर्ण बंद. काही आठवड्यांनी दुसरी छोटी शस्त्रक्रिया करून डोळा उघडला. आईला सगळ्यात जास्त त्रास वेदनेचा झाला नाही, एका डोळ्याने जिना उतरताना अंदाज चुकायचा त्याचा झाला. ज्यांच्या घरी हे व्हायचं असेल त्यांनी पायऱ्यांच्या कडांना पांढरी पट्टी चिकटवा, चहा ओतायचं काम काही दिवस दुसऱ्याकडे द्या. नंतर कंजंक्टायव्हातल्या पेशींसाठी मायटोमायसिन या कर्करोगाच्या औषधाचे थेंब झाले, आठवडाभर घालायचे आणि मग सुट्टी, अशा फेऱ्या. डोळा फार चुरचुरायचा. आता तीन वर्षं होत आली, पुन्हा काही नाही. दृष्टी चांगली आहे, ती गाथा वाचते.

नेत्रमित्र

@निशिगंध, वर्णन फार उपयोगी आहे. आईंची पुनर्रचना कटलर-बिअर्ड पद्धतीची दिसते, १९५५ पासून वापरात आहे. डोळा साधारण सहा ते आठ आठवडे झाकलेला राहतो. लहान गाठ असेल तर इतकं लागत नाही. पापणीचा चौथा ते तिसरा हिस्सा गेला तरी उरलेल्या कडा सरळ जोडता येतात, वयस्कांत कातडी सैल असते म्हणून सोपं जातं. लवकर निदानाचा फायदा इथे उघड दिसतो. गाठीभोवती चार-पाच मिलिमीटर निरोगी भाग धरून काढायचा असतो, मग गाठ पाच मिलिमीटरची असणं आणि वीसची असणं यात रुग्णाच्या दृष्टीने किती अंतर आहे बघा. खोबणीत पसरली असेल तर कधी कधी डोळ्यासकट सगळं काढण्याची वेळ येते, आणि ती मला कुणावरही यायला नको आहे.

पाठपुरावा सोडू नका. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, नंतर अंतर वाढवत, पण कायमचा. प्रत्येक भेटीत दोन्ही पापण्या उलट्या करून आणि मानेच्या ग्रंथी चाचपून बघायला सांगा. गाठ मोठी असेल तर सेंटिनल लसिकाग्रंथीची (रोग पसरताना सर्वांत आधी जिथे पोचतो तिची) तपासणी किंवा पेट-सीटी हा अंगभराचा स्कॅन करायचा का, हे सुरुवातीलाच विचारून घ्या.

सह्याद्रीवारा

माझी शंका मागे घेतो. वाचनखूण साठवली आणि घरच्या ग्रुपवर पाठवली. शेवटचा प्रश्न: रिपोर्टबद्दल दुसरं मत घ्यायचं असेल तर नेमकं काय घेऊन जायचं? आणि महात्मा फुले योजनेत हे बसतं का?

काचपट्टी

@सह्याद्रीवारा, दुसरं मत घ्यायला नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. तीन गोष्टी लागतात: रिपोर्ट, काचा आणि मेणाचा ब्लॉक. ब्लॉक सर्वांत महत्त्वाचा, कारण नवे मार्कर त्यातूनच काढलेल्या कापांवर होतात. काचेवरच्या एका कापावर सगळं होत नाही. प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून तो मिळतो. देताना नोंद करतात आणि परत करायला सांगतात. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. काचा फुटणार नाहीत अशा डबीत न्या. मुंबईत टाटा मेमोरियलला बाहेरचे ब्लॉक तपासून मत देण्याची सोय आहे. मोठ्या नेत्रसंस्थांत डोळ्यांच्याच तुकड्यांचे पॅथॉलॉजिस्ट असतात. पापणीसाठी त्यांनी बघितलेलं उत्तम, कारण इतरांच्या टेबलावर अशा काचा क्वचित येतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आहेत. पण कोणत्या रुग्णालयात कोणतं पॅकेज मंजूर आहे ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भरती होण्याआधी विचारा, आणि जाताना बायोप्सीचा रिपोर्ट हातात असू द्या. त्यासाठीही पहिल्याच वेळी तुकडा तपासलेला बरा.